वाडीची शाळा वाचवायची आहे: आमदारांना निवेदन कसं द्यावं आणि त्यानंतर काय करावं

पुणे विभागातल्या एका डोंगरी तालुक्यातून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या वाडीवर जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे, पट 11. पट कमी म्हणून ती बंद करून मुलांना साडेचार किलोमीटरवरच्या मोठ्या गावात समूह शाळेत, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून केलेल्या शाळेत, पाठवायचं चाललं आहे, असं त्यांना केंद्रप्रमुखांकडून, म्हणजे परिसरातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून, कळलं. वाडीतल्या चाळीसेक जणांनी एकच मेसेज आमदारांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. महिना झाला, उत्तर नाही. आमदार सत्ताधारी पक्षाचे आहेत. ताई विचारतात, "सरकारचाच निर्णय असताना ते आमच्या बाजूने बोलतील का? की आता सरळ मोर्चाच काढावा?"

ताई, मी 22 वर्षं आमदारांच्या तालुक्याच्या कार्यालयात स्वीय सहायक, म्हणजे पीए, होतो. तीन आमदार झाले, दोन वेगवेगळ्या पक्षांचे. आलेलं टपाल फोडायचं, कुठला कागद कुणाकडे जायला हवा ते बघायचं, पत्र तयार करून सहीला ठेवायचं, हेच माझं काम. तुमच्यासारखे शेकडो अर्ज माझ्या हातून पुढे गेले, आणि कित्येक तिथेच अडकलेलेही मी पाहिले. कागद नेमका कुठे अडकतो ते मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे मेसेज कुणी वाचले नाहीत असं समजू नका. पहिला वाचला गेला असणार. दुसरा तसाच दिसला की पुढच्या अडतिसांवरून बोट नुसतं फिरतं. आणि वाचून तरी पुढे काय करायचं? "शाळा बंदीचा निर्णय रद्द करा" एवढंच त्यात असेल, तर शाळा कुठली, पट किती, प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे, आमदारांनी पत्र लिहायचं तर कुणाला लिहायचं, यातलं पीएच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय मेसेजला आवक क्रमांक नसतो, आणि बारनिशीत, म्हणजे टपालाच्या नोंदवहीत, ज्याची नोंद नाही ते कार्यालयाच्या हिशेबी आलेलंच नसतं. महिन्यानंतर तुम्ही "आम्ही कळवलं होतं" म्हणालात, तरी दाखवायला काही नाही. उद्धटपणा म्हणून कुणी तुम्हाला उत्तर दिलं नाही असं मला वाटत नाही. त्या मेसेजचं करायचं काय, हेच कुणाला उमगलं नसावं.

म्हणून पहिली गोष्ट, कागद हवा. एका विषयाचा, एका मागणीचा, एका पानाचा.

एक प्रसंग सांगतो, माझ्या डोळ्यांसमोर घडलेला. आमच्या तालुक्यात बाजार सोमवारी, त्यामुळे सोमवारी कार्यालयात उभं राहायला जागा नसायची. ट्रान्सफॉर्मर, बदल्या, दवाखान्याची बिलं, सगळं त्याच दिवशी. एकदा अशाच एका सोमवारी डोंगरातल्या एका वस्तीवरच्या तीन बाया आल्या. त्यांच्याकडे टाइप केलेलं काही नव्हतं. चौथीच्या मुलाच्या वहीतली दोन पानं होती, रेघा मारून तक्ता केलेला. डाव्या बाजूला मुलांची नावं आणि वय. पुढे घरापासून सध्याच्या शाळेपर्यंत किती मिनिटं, नव्या शाळेपर्यंत किती मिनिटं. शेवटच्या रकान्यात वाटेत काय काय लागतं: ओढा, गव्यांची वाट, डांबरी रस्ता ओलांडणं. खाली एका ओळीत लिहिलं होतं की आषाढात किती दिवस ओढ्याला माणसाच्या छातीएवढं पाणी होतं. तारखांसकट. त्यातल्या एकीने घरातल्या कॅलेंडरवर तेव्हाच्या तेव्हा खुणा करून ठेवल्या होत्या, दूध डेअरीला पोचवता आलं नाही म्हणून.

ती दोन पानं मी आमदारांपुढे ठेवली. ते नेहमी कागद चाळून बाजूला ठेवायचे, हे मात्र त्यांनी दोनदा वाचलं. त्याच दुपारी पत्र निघालं, आणि सोबत त्या दोन पानांची झेरॉक्स जशीच्या तशी जोडली. पुढच्या महिन्यात मंत्रालयात मी त्या फाइलमागे गेलो, तेव्हा कक्ष अधिकाऱ्याला आमचं पत्र आठवत नव्हतं, तो तक्ता आठवत होता. ती शाळा राहिली.

त्याच वर्षी दुसऱ्या एका गावातून साठ निवेदनं आली होती. सगळी एकाच मजकुराची, खाली फक्त सही वेगळी. भाषा जोरदार होती, "तीव्र आंदोलन छेडण्यात येईल" हेही होतं. त्या साठ कागदांचं आम्ही एकच पत्र केलं, कारण त्यातून तेवढंच निघत होतं. ते जिल्हा परिषदेकडे गेलं आणि "नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल" असं छापील उत्तर आलं. त्या गावाचं म्हणणं खोटं नव्हतं. पण नुसत्या सह्यांवरून अधिकाऱ्याला काय समजणार? मी तेव्हा त्यांना परत बोलावून नीट माहिती लिहून घ्यायला हवी होती. ते मी केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमच्या विषयाकडे. लिहिण्याआधी आपण कशाविरुद्ध लिहितोय ते नीट ठाऊक हवं. कमी पटाच्या शाळांचा प्रश्न आजचा नाही. डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयाने वीसपर्यंत पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले, आणि त्यासाठी नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत यांचे दाखले दिले. अशा कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात पावणेपंधरा हजारांच्या आसपास होत्या आणि त्यात 1 लाख 85 हजारांवर मुलं शिकत होती. त्यानंतर संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेत शिक्षकांची किती पदं द्यायची ते ठरवण्याचा, 15 मार्च 2024 चा शासन निर्णय आला आणि लहान शाळांच्या शिक्षकांच्या पदांचाही प्रश्न त्यात मिसळला.

तुमच्या वाडीचं नेमकं काय झालं आहे हे मात्र यातून कळत नाही. केंद्रप्रमुख "चाललंय" म्हणाले, म्हणजे नुसती माहिती मागवली आहे, प्रस्ताव गेला आहे, की आदेश निघाला आहे? तिन्हींत मोठा फरक आहे. माहितीच मागवली असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडेच बोलून थांबवता येतं. प्रस्ताव जिल्हा परिषदेत असेल तर मुख्य कार्यकारी अधिकारी आणि शिक्षणाधिकारी, प्राथमिक. आदेशच निघाला असेल तर मागणी स्थगितीची करावी लागते आणि पत्र मंत्र्यांकडे जावं लागतं. हे कळायला माहिती अधिकाराचा अर्ज पंचायत समितीत टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि विषय एकच ठेवा. "आमच्या शाळेच्या समायोजनाबाबत (दुसऱ्या शाळेत विलीन करण्याबाबत) झालेला सर्व पत्रव्यवहार आणि पाठवलेल्या प्रस्तावाची प्रत" एवढं मागितलं तरी पुरे. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, पण निवेदन त्यासाठी थांबवू नका. दोन्ही एकाच आठवड्यात करा. पुष्कळदा अर्ज पडला की कार्यालयातूनच कुणीतरी फोन करून काय ते सांगतं.

कायद्याचा आधारही तुमच्याकडे आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्यात परिसरात शाळा उपलब्ध करून देणं ही शासनाची जबाबदारी आहे, आणि राज्याच्या 2011 च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी हे अंतर 1 किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर धरलं आहे. तुमची मुलं पाचवीपर्यंतची आहेत आणि नवी शाळा साडेचार किलोमीटरवर. निवेदनात हे एकाच वाक्यात लिहा. कायद्याची कलमं पानभर उतरवू नका. ती अधिकाऱ्याला पाठ असतात. तुमचा ओढा त्याला माहीत नसतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे असं समजून लिहू नका. एका शिक्षकाने पाच इयत्ता सांभाळायच्या, वर टपाल आणि ऑनलाइन माहिती भरायची, वर्गात मुलाला जोडीदार नाही, कबड्डीला दोन संघ होत नाहीत, हे खरंच आहे. तुम्ही आई म्हणून ते रोज बघत असाल. ज्या निवेदनात "ही अडचण आम्हालाही दिसते, तरीही आमच्या मुलांसाठी हा उपाय चालणार नाही, कारण..." असं लिहिलेलं असतं, ते वाचणाऱ्याला पटतं. माझ्या टेबलावर अशी निवेदनं फार थोडी आली, पण जी आली ती मी स्वतः पाठपुराव्याच्या वहीत लिहून ठेवली.

साधारण असं लिहा. नावं आणि आकडे तुमचे घाला.

"प्रति, मा. विधानसभा सदस्य. विषय: आमच्या वाडीवरील जिल्हा परिषद प्राथमिक शाळा समूह शाळेत विलीन न करता जागेवरच सुरू ठेवण्याबाबत. महोदय, आमच्या शाळेचा पट यंदा 11 आहे. त्यातील पाच मुले पहिली-दुसरीची आहेत. प्रस्तावित शाळा साडेचार किलोमीटरवर असून वाटेत ओढा आहे. गेल्या पावसाळ्यात पुढील तारखांना ही वाट बंद होती: (तारखा). कायद्यानुसार पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी. कमी पटामुळे शिकवण्यात येणाऱ्या अडचणी आम्हालाही दिसतात. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस शेजारच्या शाळेसोबत एकत्र वर्ग घेण्यास आमची तयारी आहे. आमची विनंती एकच आहे. आपण मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद यांना पत्र देऊन, पावसाळ्यात स्थळपाहणी झाल्याशिवाय आमच्या शाळेबाबत निर्णय घेऊ नये असे कळवावे. सोबत: मुलांची यादी व अंतराचा तक्ता, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत."

शेवटची विनंती पुन्हा वाचा. त्यात "धोरण रद्द करा" असं कुठेही नाही. आमदारांनी कुणाला, काय लिहायचं ते सांगितलं आहे. पीएच्या हाती हा कागद आला की त्याला विचार करत बसावं लागत नाही. तो तेच वाक्य उचलतो आणि आमदारांच्या लेटरहेडवर घालतो. मी 22 वर्षं हेच केलं. आणि आमदारांनाही अशी सही करायला जड जात नाही, कारण स्थळपाहणी करा म्हणणं म्हणजे पक्षाच्या निर्णयाविरुद्ध जाणं नव्हे.

सह्यांचं सांगतो. चाळीस सह्यांआधी त्या अकरा मुलांच्या पालकांच्या सह्या घ्या. प्रत्येकाने पूर्ण नाव, मुलाची इयत्ता आणि फोन नंबर लिहावा. सही येत नसेल तर अंगठा, खाली नाव. बाकीच्यांच्या सह्या वेगळ्या पानावर. शाळेच्या गुरुजींची किंवा बाईंची सही घेऊ नका, त्यांच्या अक्षरात निवेदन लिहून घेऊ नका. ते जिल्हा परिषदेचे कर्मचारी आहेत, त्यांना वर्तणूक नियम लागू आहेत. तुमच्या निवेदनापायी त्यांना नोटीस आली तर शाळाही जाईल आणि शिक्षकही. अंगणवाडीताईंचंही तेच.

ठरावाबद्दल एक बारीक गोष्ट आहे, ती डोंगरी भागात फार आडवी येते. तुमची वाडी बहुधा ग्रुप ग्रामपंचायतीत, म्हणजे अनेक गावं-वाड्या मिळून असलेल्या एकाच ग्रामपंचायतीत, असणार. समूह शाळा त्याच मोठ्या गावात होणार असेल, तर तिथल्या लोकांना ती हवीच असेल. नवी इमारत, बस, वाढीव शिक्षक कुणाला नको? ग्रामसभेत तुमचा ठराव मतांवर पडू शकतो, आणि पडलेला ठराव प्रस्तावाला जोडला गेला की तो तुमच्याच विरुद्ध वापरला जातो. म्हणून आधी शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलवा. या समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. तिथला ठराव तुमच्या हातात आहे. मग सरपंचांशी आणि त्या गावातल्या चार समजूतदार माणसांशी घरी जाऊन बोला, आणि होकार मिळतोय असं वाटलं तरच ग्रामसभेत विषय घ्या. 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी या ठरलेल्या सभांना गर्दी असते. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.

आता तुमचा मूळ प्रश्न: सत्ताधारी आमदार बोलतील का? सभागृहात उभं राहून आपल्याच सरकारच्या धोरणावर टीका करतील, ही अपेक्षा ठेवू नका. पण एका शाळेपुरती सवलत मिळवून देणं त्यांना विरोधकांपेक्षा सोपं असतं. मंत्र्यांच्या केबिनमध्ये ते पाच मिनिटं बसू शकतात. विरोधी पक्षाचे आमदार सभागृहात धोरणाची चिरफाड करतील, लक्षवेधी लावतील, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना देतील, नियम 293 च्या, म्हणजे सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरच्या, चर्चेत बोलतील, पण तुमच्या वाडीची फाइल त्यांच्या शब्दावर हलेलच असं नाही. म्हणून दोघांकडे जा, पण दोघांकडे वेगवेगळं मागा. आपल्या आमदारांकडे वाडीपुरतं पत्र आणि पाठपुरावा. शेजारच्या मतदारसंघातल्या विरोधी आमदारांकडे तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं असा प्रश्न: जिल्ह्यात अशा किती शाळांचे प्रस्ताव आहेत, त्यातल्या किती ठिकाणी नवी शाळा 1 किलोमीटरपेक्षा लांब आहे, वाहनाची सोय कोण करणार. हे लपूनछपून करू नका. आपल्या आमदारांना आधी सांगा की आम्ही दोघांनाही भेटतोय. मला न सांगता दुसरीकडे गेलेली माणसं मला खटकायची, सांगून गेलेली कधीच नाही.

आणखी एक दार लोकांना फारसं ठाऊक नसतं. विधान परिषदेच्या 78 सदस्यांपैकी 7 शिक्षक मतदारसंघांतून निवडून येतात. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर मिळून पुणे विभागाचा एक. तुम्हाला तिथे मत नाही, पण शाळांच्या प्रश्नावर या सदस्यांचा अभ्यास असतो आणि मंत्रालयातल्या शिक्षण विभागात त्यांची रोजची ये-जा असते. त्यांनाही एक प्रत द्या. खासदारांकडे जायचं तर एवढंच लक्षात ठेवा की शाळा ठेवायची की नाही हे दिल्लीत ठरत नाही. मात्र केंद्राच्या योजनांवर देखरेख करणाऱ्या जिल्ह्याच्या दिशा समितीच्या अध्यक्षपदी खासदार असतात आणि शाळांसाठीच्या समग्र शिक्षा योजनेचा आढावा तिथे होतो. त्या बैठकीत एक प्रश्न विचारला गेला तरी शिक्षणाधिकाऱ्यांना उत्तर तयार करावं लागतं. खरं तर पहिला हक्काचा माणूस म्हणजे आपला जिल्हा परिषद सदस्य. पण राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं तिथे प्रशासकच होते. गावकऱ्यांना दारातला प्रतिनिधीच उरला नाही, आणि सगळा भार आमदारांच्या कार्यालयावर आला. हे मला फार लागलं, कारण वाडीवरचा ओढा पायी ओलांडलेला माणूस जिल्हा परिषदेच्या सभागृहात असणं, याची भरपाई आमदाराच्या पत्राने होत नाही. तुमच्याकडे सदस्य असतील तर आधी त्यांच्या घरी जा.

निवेदन टपालाने पाठवू नका, द्यायला पाच जणी मिळून जा. मुलांच्या आया असाव्यात. बाजाराचा दिवस टाळा, लग्नसराईतला मुहूर्ताचा दिवस टाळा. त्या दिवशी आमदार सापडत नाहीत. अधिवेशन चालू असेल तर ते मुंबईत किंवा डिसेंबरात नागपुरात असतात, पण पीए तालुक्यात असतो, त्याच्याकडे दिलंत तरी चालतं. दोन प्रती न्या. एकीवर तारीख, शिक्का, सही घेऊन पोच घ्या. मग शांतपणे विचारा, "पत्र कधी निघेल? जावक क्रमांक घ्यायला कधी येऊ?" हे विचारणारी माणसं फार कमी असतात, आणि त्यांचं पत्र आधी निघतं. पत्र निघाल्यावर त्याची झेरॉक्स मागून घ्या. ती तुमच्या हातात असणं फार महत्त्वाचं आहे.

कारण खरी गोम इथून पुढे आहे. आमदारांचं पत्र मंत्र्यांकडे किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे गेलं की त्यावर शेरा पडतो: "तपासून अहवाल सादर करावा." लोक आनंदाने तो शेरा मोबाइलवर फिरवतात, काम झालं म्हणतात. काम झालेलं नसतं. तो कागद आता खाली उतरायला लागतो. मंत्रालयातून आयुक्तांकडे, तिथून शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि शेवटी त्याच केंद्रप्रमुखांकडे, ज्यांनी तुमच्या शाळेची माहिती मुळात वर पाठवली होती. ते आधीचेच आकडे पुन्हा लिहितात: पट 11, नजीकची शाळा साडेचार किलोमीटर, रस्ता उपलब्ध. अहवाल वर जातो आणि तुम्हाला तीन महिन्यांनी उत्तर मिळतं की प्रस्ताव नियमानुसार आहे. यात कुणी खोटं बोललेलं नसतं. उन्हाळ्यात बघितलं तर रस्ता उपलब्ध असतोच की.

म्हणून आमदारांच्या पत्राची प्रत हातात पडली की त्याच दिवशी पंचायत समितीत जा. तेच निवेदन, तोच तक्ता गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, आणि लेखी मागा की अहवाल करण्याआधी पालकांच्या उपस्थितीत स्थळपाहणी व्हावी. फाइल कुठे आहे ते दर पंधरवड्याला विचारा. एका टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं राज्याच्या दफ्तर दिरंगाईच्या 2005 च्या कायद्यात आहे. हे धमकी म्हणून सांगू नका, नुसतं विचारा, "साहेब, आपल्याकडे किती तारखेला आली?" एक वही करा. कुठल्या तारखेला कुणाला भेटलो, ते काय म्हणाले, कुठला क्रमांक दिला. वही एकाच बाईच्या ताब्यात ठेवा आणि जो कार्यालयात जाईल त्याने ती सोबत न्यावी.

अधिवेशनाच्या तारखांकडेही लक्ष असू द्या. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन आलेल्यांना मी फक्त लक्षवेधीची आशा दाखवू शकायचो. लक्षवेधी सूचना रोज ढिगाने येतात, लागतात मोजक्याच. पण एक समजून घ्या. अधिवेशन तोंडावर आलं की सरकार जास्त ऐकतं. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा जो शासन निर्णय 16 एप्रिल 2025 ला निघाला आणि 17 जूनला सुधारून काढला गेला, तो पावसाळी अधिवेशन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, 29 जूनला, मागे घेतला गेला. तिथे राज्यभर आवाज उठला होता, तुमची अकरा मुलांची वाडी आहे, हे मला कळतं. तरी छापील शासन निर्णय फिरतो, हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं आहे. आणि मंत्र्यांनी सभागृहात तुमच्या जिल्ह्याबद्दल काही शब्द दिला, तर त्या दिवसाच्या कार्यवाहीतला तो उतारा काढून घ्या. दिलेल्या आश्वासनांचं काय झालं हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते, आणि आमदार त्या उताऱ्यावर पुन्हा प्रश्न विचारू शकतात.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला बैठकीत अचानक समोर येईल. आमदार म्हणतील, "ठीक आहे, ओढ्यावर साकव (छोटा पूल) देतो, मुलांना गाडी लावून देतो." त्यांचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी असतो, साकव त्यातून खरंच होऊ शकतो, आणि ते मनापासून म्हणत असतील. वाडीला साकव हवाच असतो, आजारी माणसाला खाली न्यायलाही. पण साकव घेतला की "वाट बंद असते" हे तुमचं मुख्य कारण गेलं. याचा विचार बैठकीत करायचा नाही, घरातून करून जायचा. साकव घेऊन शाळा सोडायची तयारी आहे का? गाडी मिळाली तर तिच्यात मुलांबरोबर बाई असेल का, गाडी बिघडली त्या दिवशी काय, डिझेलचे पैसे किती वर्षं मिळणार? काही वाड्यांनी विचार करून गाडी घेतली आणि त्यांची मुलं चांगली शिकली, मी नाव ठेवणार नाही. पण पालकांनी आधी एकत्र बसून ठरवलं पाहिजे. एकीने तिथेच हो म्हटलं आणि दुसरी नाही म्हणाली, तर आमदार पुढच्या वेळी दोघींचंही मनावर घेत नाहीत.

मोर्चाबद्दल. मी मोर्चाच्या विरुद्ध नाही. पण कागदाआधी मोर्चा काढलात तर अधिकारी विचारतो, "तुमचं निवेदन कुठंय?" आणि तिथेच तुमचं पाऊल मागे जातं. निवेदन, पत्र, दोन स्मरणपत्रं, आणि तरीही आदेश निघाला, तर पंचायत समितीच्या आवारात शाळा भरवा, पत्रकारांना बोलवा. तेव्हा वहीतल्या तारखा वाचून दाखवा. फक्त पहिली-दुसरीच्या लेकरांना भर उन्हात दिवसभर बसवू नका. ज्यांच्यासाठी भांडतोय त्यांनाच त्रास, हे मला कधी बघवलं नाही.

स्थळपाहणी मिळाली, तर ती जून-जुलैतच व्हावी यासाठी हट्ट धरा. एप्रिलची तारीख आली तर नम्रपणे लेखी कळवा की आमची अडचण पावसातली आहे, पाहणी पावसात व्हावी. त्या दिवशी मुलांना नवे कपडे घालून रांगेत उभं करू नका, स्वागताला हार नकोत. सकाळी नेहमीच्या वेळी मुलं दप्तरं घेऊन निघू द्यात, आणि साहेबांची गाडी मोठ्या गावात थांबवून त्यांना म्हणा, "साहेब, पोरांबरोबर वाडीपर्यंत चालत येता का?" बहुतेक जण येतात. मी स्वतः अशा तीन पाहण्यांना गेलो आहे. ओढ्याशी पोचल्यावर सात वर्षांची पोर चपला हातात घेऊन थांबते आणि मोठ्या भावाची वाट बघते. अहवाल लिहिणारा माणूस तेव्हा तिच्या शेजारीच उभा असला पाहिजे.